सहा अक्षरे, दहा क्रमांक

अहिल्यानगर हा शब्द वाचताना आपण सहा अक्षरे मोजतो: अ, हि, ल्या, न, ग, र. मोबाइलच्या पोटात मात्र हाच शब्द दहा क्रमांकांनी साठवलेला असतो. तिथे ह वेगळा आणि त्याची वेलांटी वेगळी; ल वेगळा, त्याचा पाय मोडणारे चिन्ह वेगळे, य वेगळा आणि काना वेगळा. वेलांटीचा क्रमांक तर ह च्या नंतर येतो, पण पडद्यावर ती ह च्या आधी उमटावी लागते. ल ला य जोडायचा, वेलांटी उचलून अलीकडे आणायची, सगळ्यांवरून शिरोरेषा सलग न्यायची, हे काम क्रोम, फायरफॉक्स, सफारी हे ब्राउझर पान उघडताक्षणी, दर वेळी नव्याने करतात. त्यात ते इतके तरबेज झाले आहेत की आपल्याला त्याची जाणीवही होत नाही. मराठी आकडे, मराठी तारखा, मराठी वर्णानुक्रम, मराठी वळणाचा ल, रेंज गेली तरी पान उघडणे, हे सगळे आज ब्राउझरला येते. आपल्याकडची बहुतेक मराठी पाने मात्र त्याचा उपयोगच करून घेत नाहीत. जिल्ह्याची सार्वजनिक माहिती, मग ती बाजारभावाची असो, ग्रामसभेच्या सूचनेची असो की कालव्याच्या आवर्तनाची, खऱ्याखुऱ्या मजकुराच्या रूपात, मराठी म्हणून जाहीर केलेल्या साध्या वेबपानावर आली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. फोटो, स्कॅन केलेली पीडीएफ आणि दर कामाला एक नवे अ‍ॅप या तिन्ही वाटा मराठी वाचकाचे नुकसान करतात.

हे नुकसान समजायला थोडे मागे जावे लागते. संगणकावर मराठी आली ती फॉन्टच्या आडवाटेने. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट तयार झाले आणि डीटीपीची दुकाने, छापखाने, कचेऱ्या त्यांवर वर्षानुवर्षे चालली. डोळ्याला क दिसे, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की सगळा मजकूर अगम्य चिन्हांचा ढीग होई. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९८८ मध्ये ठरले होते. लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि तिच्यात इस्कीच्या पायावर देवनागरी होतीच. पण क्रमांक ठरणे वेगळे आणि ते क्रमांक पडद्यावर नीट उमटणे वेगळे. विंडोजला हे २००० च्या सुमारास जमले, अँड्रॉइड फोनांवर देवनागरी बरी दिसायला २०११-१२ उजाडले. त्या मधल्या काळात एक सवय घट्ट झाली: मराठी मजकूर म्हणजे कागदावर नीट छापून येणारी गोष्ट, आणि वेबवर टाकायचा असेल तर त्या कागदाचे चित्र टाकायचे. अडचण दूर झाली तरी सवय तशीच राहिली. आजही एखादी सूचना टाइप होते, छापली जाते, तिच्यावर सही-शिक्का होतो, मग ती स्कॅन होते आणि संकेतस्थळावर चढते. टाइप करताना जो मजकूर हाताशी होता, तो वाटेत हरवतो.

या हरवण्याची किंमत जिल्ह्याच्या नावापाशीच मोजता येते. ३१ मे २०२३ रोजी चौंडीला, अहिल्याबाई होळकरांच्या जन्मगावी, नामांतराची घोषणा झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर अधिकृतपणे झाले. नाव बदलले की हजारो पानांवरचा उल्लेख तपासावा लागतो. जिथे मजकूर खरा आहे, तिथे जुने नाव शोधून काढणे हे काही सेकंदांचे काम. कुठे बदलायचे आणि कुठे इतिहासाचा भाग म्हणून तसेच ठेवायचे, एवढाच निर्णय माणसाकडे उरतो. जिथे स्कॅन आहेत, तिथे उल्लेख कुठे कुठे आहे हेच कळत नाही. पत्त्यांचेही तसेच. संकेतस्थळाच्या पत्त्यात जुने नाव असेल तर जुना पत्ता मारून टाकायचा नसतो. ‘हे पान कायमचे इकडे हलले आहे’ असा ३०१ क्रमांकाचा निरोप ब्राउझरला द्यायचा असतो. तो मिळाला की ब्राउझर वाचकाला आपोआप नव्या जागी नेतो, आणि शोधयंत्रेही आपल्या नोंदी दुरुस्त करतात. ही सोय वेबच्या पहिल्या दशकापासून आहे. वाचक मात्र दोन्ही नावांनी शोधत राहणार, बरेच जण तर नुसते ‘नगर’ म्हणूनच. चांगल्या पानाला हे तिन्ही शब्द ओळखता आले पाहिजेत, आणि त्यासाठी ते मुळात शब्द असायला हवेत.

आता एका अक्षराकडे जवळून पाहू. संगमनेरहून नाशिकच्या रस्त्याला लागले की कऱ्हे घाट येतो. ‘कऱ्हे’ मधला तो अर्धा र हिंदीत नाही. मराठीत मात्र तो आहे, आणि ‘शेतकऱ्यांना’ या शब्दात तर तो रोज भेटतो. आचार्यांना बोलावणे वेगळे आणि आचाऱ्यांना बोलावणे वेगळे, हा भेद याच अक्षरावर उभा आहे. युनिकोडमध्ये तो लिहायच्या दोन वाटा रूढ झाल्या. एका वाटेत ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या, जुन्या वाटेत साधा र घेऊन त्याचा पाय मोडतात आणि पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. एका कळफलकावरून टाइप केलेला ‘शेतकऱ्यांना’ दुसऱ्या कळफलकावरून शोधला तर सापडत नाही, आणि शोधणाऱ्याला वाटते की माहितीच नाही. यावर उपाय ब्राउझरमध्ये आहे. शब्द जसेच्या तसे जुळवून न पाहता भाषेच्या नियमांनी जुळवायची सोय जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या आज्ञाभाषेत कित्येक वर्षांपासून आहे. ती अदृश्य चिन्हाकडे दुर्लक्ष करते आणि र व ऱ यांतला सूक्ष्म फरक सोडून द्यायला सांगितले तर सोडूनही देते. त्याला चार-पाच ओळी पुरतात. पण मराठी पानावरच्या शोधपट्टीत या ओळी अभावानेच सापडतात, कारण ती शोधपट्टी इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असते आणि इंग्रजीत हा प्रश्न येतच नाही.

पान मराठीत लिहिलेले असणे आणि आपण मराठी आहोत हे पानाने ब्राउझरला सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवनागरीत हिंदी, नेपाळी, कोकणी, संस्कृतही लिहितात. नुसत्या लिपीवरून भाषा ठरत नाही. म्हणून एचटीएमएलमध्ये पानाच्या अगदी पहिल्या खुणेवर भाषा नोंदवायची जागा आहे, आणि मराठीसाठी तिथे ‘एमआर’ ही दोन अक्षरे लिहायची असतात. कितीतरी मराठी पानांवर तिथे इंग्रजीचे ‘ईएन’ तसेच राहिलेले असते, कारण साचा कुठून तरी घेतलेला असतो. या दोन अक्षरांवर काय अवलंबून आहे, ते ल आणि श पाहिले की समजते. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला प्रमाणित केली, २०२२ मध्ये ती पुन्हा स्पष्ट केली. तिच्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितले आहेत. ते हिंदी वळणाच्या ल आणि श यांहून निराळे. अनेक चांगल्या देवनागरी फॉन्टांत दोन्ही वळणे एकाच फाइलीत असतात, आणि कोणते काढायचे हे फॉन्ट पानाच्या भाषेवरून ठरवतो. म्हणजे शाळेतले मूल वहीत जो ल गिरवते तोच शाळेच्या वेबपानावर दिसावा असे वाटत असेल, तर नवा फॉन्ट विकत घ्यायची गरज नाही. दोन्ही वळणांचा फॉन्ट असला आणि पानाने आपली भाषा सांगितली की काम होते. दृष्टिहीन वाचकाचा फोन पान वाचून दाखवतो, तेव्हा मराठी उच्चार लावायचे की इंग्रजी हेही तो याच नोंदीवरून ठरवतो.

अक्षराच्या वळणाची ही काळजी या जिल्ह्याला परकी नाही. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरलाच सुरू झाले. त्याच मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरीचे खिळे सुधारले, आणि तिथे काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, ज्याच्या अक्षरांचे वळण मराठी डोळ्यांत पिढ्यानपिढ्या बसले. त्या काळी जोडाक्षरासाठी वेगळा खिळा पाडावा लागे, आणि देवनागरी खिळ्यांची एक पेटी भरायला शेकडो खिळे लागत. आज ते सारे काम एका फॉन्टच्या फाइलीत आणि ब्राउझरच्या अक्षरजुळणीत सामावले आहे. तरी बेफिकिरीने ते बिघडवता येते. इंग्रजी मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवायची सीएसएसमधली सूचना मराठी मथळ्याला लावली की शिरोरेषेचे तुकडे होतात. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांत अडकतात. हे दोष ब्राउझरचे नाहीत. पान बांधणाऱ्याने मराठी मजकूर घालून एकदाही पाहिले नाही, याची ती खूण आहे.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो अर्जात. गट नंबर विचारणाऱ्या रकान्यात कोणी ‘२५’ लिहिले तर पुष्कळ अर्ज ‘कृपया फक्त अंक लिहा’ असे उत्तर देतात. मराठी माणसाने मराठी अंक लिहिला आणि तो अंकच नाही असे त्याला सांगितले! कारण तांत्रिक आहे. जावास्क्रिप्टमध्ये अंक ओळखायची जी सर्वांत रूढ खूण आहे, ती फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखते. ‘२५’ चे संख्येत रूपांतर करायला सांगितले तर ‘ही संख्या नाही’ असेच उत्तर येते. पण २०१८ च्या प्रमाणापासून कोणत्याही लिपीतला अंक ओळखणारी खूण जावास्क्रिप्टमध्ये आली आहे, आणि देवनागरी अंकाचा इंग्रजी अंक करणे म्हणजे क्रमांकातून एक ठरावीक रक्कम वजा करणे, इतके सोपे आहे. नावाच्या रकान्यातही असाच खड्डा आहे. ‘कोणत्याही लिपीतले अक्षर चालेल’ असा नियम उदारपणे लावला तरी ‘शिंदे’ हे आडनाव अडते, कारण युनिकोडच्या लेखी वेलांटी, अनुस्वार, मात्रा ही अक्षरे नसून चिन्हे आहेत आणि त्यांना वेगळी परवानगी द्यावी लागते. ‘जास्तीत जास्त १० अक्षरे’ अशी मर्यादा असली की सहा अक्षरांच्या ‘अहिल्यानगर’ पाशीच रकाना भरतो. अक्षर म्हणजे काय, हे मराठी वाचक जसे समजतो तसे मोजायचे साधन क्रोममध्ये २०२० पासून आहे. फायरफॉक्सने ते एप्रिल २०२४ मध्ये आणले आणि त्याबरोबर ते सर्व मुख्य ब्राउझरांत पोचले. मोजणीच्या नियमातही एक सुधारणा झाली आहे. पूर्वी युनिकोडच्या नियमाने ‘ल्या’ चे ल् आणि या असे दोन भाग पडत. २०२३ च्या १५.१ या आवृत्तीने देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायला सुरुवात केली. आपल्या ‘अक्षर’ या कल्पनेला जागतिक प्रमाणात मिळालेली ही मान्यता मला फार मोलाची वाटते.

वर्णानुक्रम, आकडे आणि तारखा यांचे थोडक्यात सांगता येईल. गावांची यादी नुसत्या क्रमांकांनी लावली तर ळ हा ल च्या मागोमाग येतो आणि काळेवाडी कासारेच्या आधी लागते. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ ही ह च्या नंतरची. ब्राउझरला ‘मराठीच्या क्रमाने लाव’ असे सांगता येते. रक्कम मराठीत दाखव म्हटले की तो १२,३४,५६७ असे लाख-हजारांचे स्वल्पविराम देवनागरी अंकांसह घालतो. भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेतली शके तारीखही काढून देतो. यासाठी बाहेरची कोणतीही फाइल उतरवावी लागत नाही. हे ज्ञान ब्राउझरसोबतच फोनवर आलेले असते.

हे सगळे एका पानावर आणून पाहू. नेप्ती, घोडेगाव, राहुरी, पारनेर, संगमनेर अशा बाजारांतले कांद्याचे भाव हा या जिल्ह्यात रोजच्या निर्णयाचा विषय आहे: आज माल काढायचा की चाळीत ठेवायचा, आणि काढला तर कोणत्या बाजारात न्यायचा. भावाची पट्टी बहुधा छापील तक्त्याचा फोटो म्हणून फिरते. १४ तालुके, प्रत्येकी १० शेतमाल आणि प्रत्येकाचे किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर धरले तर एकूण ४२० आकडे होतात. देवनागरी अंकाला तीन बाइट लागतात हे धरूनही, गावांची नावे आणि तक्त्याच्या खुणांसकट हा मजकूर दहा-बारा किलोबाइटांत मावतो, आणि वाटेत दाबून पाठवला की त्याचाही काही अंशच उरतो. तोच कागद ३०० डीपीआयने स्कॅन केला तर ए-फोर आकाराच्या चित्रात ८७ लाख बिंदू होतात, आणि कितीही दाबले तरी फाइल मजकुराच्या कित्येक पट राहते. फरक केवळ वजनाचा नाही. मजकुराच्या तक्त्यात शेतकरी ‘गोल्टी’ म्हणजे बारीक कांदा शोधू शकतो, सर्वसाधारण दराच्या उतरत्या क्रमाने बाजार लावू शकतो, अक्षरे हवी तेवढी मोठी करू शकतो. फोटोत बोटांनी ताणून आकडे शोधावे लागतात, आणि चष्मा घरी राहिला असेल तर तेही नाही.

रेंजचा प्रश्न अकोले तालुक्याच्या डोंगरात गेले की तीव्र होतो. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या कुशीत सिग्नल वळणावळणाला येतो नि जातो. तिथे वेबपान उपयोगाचे नाही, अशी समजूत आहे. ती एके काळी खरी होती. पण सर्व्हिस वर्कर नावाची सोय क्रोममध्ये २०१५ पासून आणि आयफोनच्या सफारीत २०१८ पासून आहे. तो पान आणि इंटरनेट यांच्या मध्ये बसलेला एक छोटा कारकून समजा. पान पहिल्यांदा उघडले की तो त्याची एक प्रत फोनवर ठेवतो. पुढच्या वेळी रेंज असेल तर ताजे पान आणतो. नसेल तर ठेवलेली प्रत पुढे करतो. पान बांधणाऱ्याने एवढे पथ्य पाळायचे की प्रतीवर ती कोणत्या दिवशीची, किती वाजताची आहे हे ठळक अक्षरांत दिसले पाहिजे. शिळा भाव ताजा म्हणून दाखवला तर ती सोय उरत नाही, फसवणूक होते.

यावर पहिला आक्षेप अ‍ॅपचा येतो: लोकांना अ‍ॅपची सवय आहे, मग पान कशाला? काही कामांना अ‍ॅप शोभते हे खरे. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, ती मोबाइल अ‍ॅपवर. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, त्याच्यासोबत जागेची नोंद करायची, हे हंगामा-हंगामाला करायचे ठरावीक काम आहे. कॅमेरा आणि जागा या दोन्ही गोष्टी परवानगी घेऊन ब्राउझरही वापरू शकतो, तरी अशा कामासाठी अ‍ॅप निवडले तर मी वाद घालणार नाही. पण ग्रामसभेची तारीख, आवर्तनाचे वेळापत्रक, कांद्याचा भाव यांसाठी एकेक अ‍ॅप उतरवा म्हणणे म्हणजे स्वस्त फोनच्या भरलेल्या जागेवर आणखी ओझे टाकणे आहे. अ‍ॅप दर काही महिन्यांनी नवे करावे लागते, जुन्या फोनवर ते उतरतच नाही, आणि आतली माहिती शोधयंत्राला दिसत नाही. पानाचा दुवा कोणालाही पाठवता येतो, आणि तो उघडण्याआधी काहीही उतरवावे लागत नाही.

दुसरा आक्षेप सही-शिक्क्याचा आहे, आणि तो वजनदार आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये भरून पीडीएफच्या रूपातच मिळतो, आणि ते योग्यच आहे. बँकेत किंवा न्यायालयात दाखवायचा कागद जसाच्या तसा गोठलेला हवा. पण पुरावा आणि माहिती यांचे हेतू वेगळे आहेत. पीडीएफ मुळात अक्षरांचे आकार कुठे बसवायचे ते लक्षात ठेवते, शब्द लक्षात ठेवायला ती बांधलेली नाही. म्हणूनच पुष्कळ मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरे फुटतात, जरी ती पीडीएफ युनिकोडमध्ये टाइप केलेली असली तरी. सूचनेचा मजकूर पानावर आणि सही केलेली प्रत त्याखाली दुव्याने, अशी जोडी ठेवली तर कोणाचेच काही अडत नाही. जास्तीचे श्रमही पडत नाहीत, कारण मजकूर आधी टाइप झालेलाच असतो.

तिसरा आक्षेप जुन्या फोनांचा. ब्राउझरच्या नव्या सोयी वापरल्या तर सहा-सात वर्षांपूर्वीचा फोन असलेल्याचे काय? क्रोमनेही २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ ला नव्या आवृत्त्या देणे थांबवले आहे, तेव्हा ही काळजी खोटी नाही. पण वेबचा एक मूळ गुण इथे मदतीला येतो: ब्राउझरला एखादी खूण कळली नाही तर तो ती सोडून देतो आणि बाकीचे पान दाखवतो. अक्षरमोजणी जमली नाही तरी अर्ज भरता येतो, रेंज नसतानाची प्रत मिळाली नाही तरी रेंज असताना पान उघडते. पाया साधा ठेवायचा आणि सोयी वरून चढवायच्या, एवढी शिस्त पाळली म्हणजे झाले. कोणती सोय केव्हा बेधडक वापरावी, यासाठी २०२३ पासून ‘बेसलाइन’ नावाचे माप आहे. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सर्वांत एखादी सोय आली की ती ‘नव्याने उपलब्ध’, आणि त्यानंतर ३० महिने गेले की ‘सर्वत्र उपलब्ध’ धरतात. सार्वजनिक पानांनी पायासाठी दुसऱ्या पायरीची वाट पाहावी, असे मी सुचवेन. पानाची भाषा नोंदवणे, मराठी वर्णानुक्रम, मराठी आकडे, सर्व्हिस वर्कर या सगळ्या गोष्टींनी ती पायरी केव्हाच ओलांडली आहे.

आणि व्हॉट्सअ‍ॅपचे काय? माहिती शेवटी तिथेच फिरते, आणि फोटो फिरवणे सोपे, हे मान्य. पण ब्राउझरमध्ये असे बटण देता येते की ते दाबताच फोनची नेहमीची शेअर करायची खिडकी उघडते आणि पानाचा दुवा हव्या त्या गटात जातो. दुवा मराठी अक्षरांत असेल तर एक अडचण होते: पाठवताना पत्त्यातल्या प्रत्येक क्रमांकाची नऊ इंग्रजी चिन्हे होऊ शकतात, आणि ‘अहिल्यानगर’ या एका शब्दाची नव्वद. म्हणून पत्ते लहान ठेवावेत. फोटोचा तोटा मात्र तीन महिन्यांनी कळतो, जेव्हा मागच्या हंगामातला भाव पाहायचा असतो आणि गटातल्या हजार चित्रांतून तो फोटो शोधणे अशक्य होते.

यातल्या कोणत्याही गोष्टीला मोठे अनुदान किंवा नवी कंपनी लागत नाही. आपल्या ग्रामपंचायतीचे, बाजार समितीचे, शाळेचे किंवा पतसंस्थेचे पान आज फोनवर उघडा. त्यावरच्या मजकुरातले गावाचे नाव कॉपी करून स्वतःलाच पाठवून पाहा. मग पानावर ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधा आणि अर्ज असेल तर त्यात ‘२५’ मराठीत लिहा. नाव कॉपी झाले नाही, शब्द डोळ्यांना दिसत असून सापडला नाही किंवा अंक नाकारला गेला, तर ते पान बांधणाऱ्याला तेवढेच कळवा: मजकूर मजकूर म्हणून टाका, पानाची भाषा मराठी नोंदवा, मराठी अंक स्वीकारा. जाणत्या माणसाला पहिली दुरुस्ती करायला दहा मिनिटे लागतात.